दर आठवं घर, ४६ प्रश्न : आमच्याकडे झालेल्या शहर सर्वेचा अनुभव (५ पैकी ३ स्टार)

मागच्या मे महिन्यात आमच्या कॉलनीत नागरिकांचा सर्वे झाला. शहरात राहणं कसं वाटतं, पाणी, गटार, रस्ते, दवाखाना, बस, दिवाबत्ती याबद्दल तुमचं काय मत, असा. आमच्या घराचा त्यात नंबर लागला. मिक्सर घ्यायचा म्हटलं तरी आपण आधी दहा जणांचे रिव्ह्यू वाचतो, मग हा सर्वे तर आपल्याच घरपट्टी-पाणीपट्टीच्या पैशातून होतो आणि त्याच्यावर पुढे काय काय ठरणार असतं, त्याचा रिव्ह्यू कोणी लिहिलेला मला तरी सापडला नाही म्हणून मी लिहितेय. शहराचं नाव आणि एजन्सीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण नाव टाकलं तर जी पोरगी आमच्याकडे आली होती ती कोण हे लगेच कळेल आणि तिचं काम जायला नको. खानदेशातलं शहर आहे एवढं पुरे.

दुपारचा एक वाजला होता. मी घरून मेस चालवते, १४ डबे असतात दोन्ही वेळचे, दुपारचे डबे नुकते रवाना केले होते आणि जरा पाठ टेकणार तेवढ्यात बेल वाजली. बाहेर ४४-४५ डिग्री, रस्त्यावर कुत्रं नाही, आणि ही पोरगी तोंडाला स्कार्फ बांधून, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. पहिलं वाक्य काय तर "काकू, आधी पाणी मिळेल का." तिला आत बसवलं, कैरीचं पन्हं दिलं, कूलर तिच्याकडे फिरवला. मग विचारलं की बाई, भर दुपारी कशाला फिरतेस, तर म्हणे सकाळी लोक घाईत असतात, संध्याकाळी उशिरापर्यंत मुलींना फिरू देत नाहीत, मग उरते दुपारच. सर्वे करायचा तर तो मे महिन्यात कशाला ठेवावा हा माझा पहिला मुद्दा. दिवाळीनंतर ठेवा, थंडी असते, लोक ओट्यावर बसलेले असतात, नीट बोलतात. पण एक आहे, मे मध्ये पाण्याबद्दल विचारलं तर उत्तर खरं मिळतं, दिवाळीत धरणं भरलेली असतात आणि आपण सगळे उन्हाळा विसरलेलो असतो. त्यामुळे या मुद्द्याचा अर्धा स्टार कापायचा की नाही हे मलाच ठरवता येत नाहीये.

आता जे खरंच आवडलं ते आधी सांगते. आमचंच घर का, असं मी विचारलं, तर तिने सांगितलं की कॉलनीच्या कोपऱ्यापासून उजव्या हाताने दर आठवं घर घ्यायचं, कुलूप असेल तर दोनदा परत यायचं, मनाने शेजारचं घर घ्यायचं नाही. मग तिने विचारलं घरात १८ च्या वरचे किती, आणि प्रत्येकाचा वाढदिवस कधी. ज्याचा वाढदिवस सगळ्यात आधी येणार त्यालाच प्रश्न. आमच्यात माझा, जूनमधला. आमचे हे लगेच पुढे सरसावले, म्हणाले मला विचारा, हिला पाणीपट्टी किती भरतो ते पण माहीत नाही. तर ती पोरगी शांतपणे म्हणाली "काका, टॅबमध्ये काकूंचं नाव आलंय, मला बदलता येत नाही, तुम्ही बसा ना, पण उत्तरं काकूच देतील."

हे मला एवढं महत्त्वाचं का वाटलं ते सांगते. साधारण वर्षभरापूर्वी असाच एक सर्वे फोनवर झाला होता, फोन ह्यांच्या नंबरवर आला, हे हॉलमध्ये बसून बोलत होते आणि मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. नळाला पाणी येतं का, हो. पुरेसं येतं का, हो. समाधानी आहात का, हो हो. पाच मिनिटांत विषय संपला. आता हे खोटं बोलले का, तर नाही. आमच्याकडे नळ येतो रात्री दोन-अडीचला, त्या वेळी हे झोपलेले असतात, सकाळी उठतात तेव्हा टाकी भरलेली, ड्रम भरलेले, अंगण धुतलेलं. त्यांच्या दृष्टीने पाणी रोजच आहे. त्या फोन सर्वेत आमच्या घरातून जे उत्तर गेलं ते पाणी वापरणाऱ्याचं गेलं, पाणी भरणारीचं गेलंच नाही, आणि आमच्यासारखी किती घरं असतील. म्हणून वाढदिवसाच्या नियमाला माझा एक पूर्ण स्टार.

पुढचे ४६ प्रश्न. वेळ लागला ५० मिनिटं, तिला सांगितलेलं होतं २० मिनिटांत होतं म्हणून. सुरुवातीचे सोपे, घर स्वतःचं की भाड्याचं, किती माणसं, गाडी आहे का. मग आला पाण्याचा प्रश्न, तो असा, "आपल्या भागातील पाणीपुरवठ्याबाबत आपण किती समाधानी आहात?" आणि खाली पाच पर्याय, अतिशय समाधानी, समाधानी, ठीक, असमाधानी, अतिशय असमाधानी. मी अडकले. खरंच अडकले. कारण पाणी स्वच्छ येतं, गढूळ नाही, वास नाही, त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. प्रेशर पण बरं आहे आमच्या घराला, कारण आम्ही जलकुंभाच्या जवळ. पण येतं चार-चार दिवसांनी, आणि कोणत्या रात्री किती वाजता ते नक्की नाही. वॉलमनने व्हॉल्व्ह फिरवला की येतं. कधी दीड, कधी तीन, मध्ये लाईट गेली तर त्या रात्री मोटर चालत नाही आणि पाणी वरच्या टाकीत चढत नाही. मी अलार्म लावून उठते, नळ उघडून बघते, हवा येत असेल तर परत आडवी होते, परत उठते. दुसऱ्या दिवशी पाचला कणीक भिजवायची असते. आता या सगळ्याचं मी एका शब्दात काय उत्तर देऊ, समाधानी म्हणू की असमाधानी म्हणू?

मी तिला म्हटलं तू लिही ना, चार दिवसांनी येतं, रात्री येतं, कधी येईल ते सांगत नाहीत. ती म्हणाली काकू, तेवढी जागाच नाही, पाचातलं एक दाबावं लागतं. शेवटी "ठीक" दाबलं. आणि मला रात्रभर चुकल्यासारखं झालं, कारण माझ्या "ठीक" मधून वरच्या माणसाला काय कळणार, काहीच नाही.

माझी मुलगी बीएस्सीला आहे, तिचा विषय स्टॅटिस्टिक्स, ती संध्याकाळी आल्यावर मी तिला हे सांगितलं तर तिने नेटवरून केंद्र सरकारची २००८ ची एक पुस्तिका काढून दाखवली, शहरी सेवांचे मापदंड ठरवून दिलेत त्यात. एकूण २८ निकष, त्यातले पाण्याचेच ९. माणशी रोज १३५ लिटर पाणी, पुरवठा २४ तास, गळती वगैरे ज्याचा हिशोब लागत नाही ते पाणी २० टक्क्यांच्या आत, तक्रार आली तर ८० टक्के तक्रारी ठरलेल्या वेळात सोडवायच्या. सगळं आकड्यात, कुठेही "समाधान" नाही. मग आम्ही बसून घरचा हिशोब केला. माणसं पाच, म्हणजे दिवसाला ६७५ लिटर, चार दिवसांचे २७०० लिटर. आमच्याकडे साठवायला काय, गच्चीवर १००० ची काळी टाकी, खाली ५०० ची, आणि २०० चे तीन ड्रम. झाले २१००. म्हणजे नळ अगदी मन लावून पूर्ण वेळ आला आणि एकही थेंब सांडला नाही तरी ६०० लिटर कमीच, आणि मेसची भांडी, भाजी धुणं, डाळ-तांदूळ हे अजून धरलेलंच नाही. सर्वेत नुसतं एवढं विचारलं असतं की किती दिवसांनी येतं, किती वेळ येतं, किती वाजता येतं, घरात साठवायला किती लिटरची सोय आहे, तर चार प्रश्नांत आख्ख्या गल्लीचं चित्र निघालं असतं. त्यासाठी मला समाधानी आहे का नाही हे ठरवावंच लागलं नसतं.

माझं माहेर साक्री तालुक्यातलं, पांझरेच्या काठचं. आमच्याकडे फड पद्धत, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नदीवर बंधारा, त्याच्यातून पाट, पाटाच्या पाण्यावर फड म्हणजे शेताचे मोठे मोठे तुकडे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी आळीपाळीने. किती पिढ्या चालत आलंय. पाणी सोडायला पाटकरी असतो, त्याला शेतकरीच ठेवतात आणि त्याचा मोबदलाही शेतकरीच देतात. आमचे अप्पा कधी घड्याळ लावून झोपायचे नाहीत, पण आपली पाळी कधी आहे, आपल्या आधी कोणाचं शेत, नंतर कोणाचं, हे घरातल्या लहान पोरालासुद्धा माहीत असायचं. पाणी कमी असायचं, दुष्काळात तर फारच कमी, पण कधी मिळणार हे पक्कं. आणि पाळीला पाणी नाही आलं तर अप्पा पाटकऱ्याला समोर उभं करून विचारायचे. मी लग्न होऊन शहरात आले, नळ घरात आला, आणि पाळी माहीत असणं मात्र गेलं. सर्वेत मला कोणी विचारलं असतं ना की तुम्हाला एकच गोष्ट बदलायची असेल तर काय, तर मी जास्त पाणी मागितलंच नसतं, म्हटलं असतं वेळ सांगा. आदल्या दिवशी मोबाईलवर मेसेज टाका, अमुक भाग, अमुक वाजता. त्याला धरण लागत नाही का पाइपलाइन लागत नाही. पण असा प्रश्न ४६ मध्ये नव्हता.

माझं झाल्यावर तिचं पुढचं आठवं घर म्हणजे गल्लीच्या पार टोकाचं. उन्हात शोधत बसेल म्हणून मी सोबत गेले घर दाखवायला. तिथे वाढदिवसाच्या नियमाने नंबर लागला घरातल्या आजींचा, आणि आजी अहिराणीशिवाय दुसरं बोलत नाहीत. पोरीने प्रश्न वाचला, "आपण किती समाधानी आहात". आजी हसल्या, म्हणाल्या "समाधान शे माय, पोरे चांगला शेतस, नातू नोकरीले लागना." त्यांनी समाधान म्हणजे आयुष्याचं समाधान घेतलं, आणि त्यात चूक तरी काय, आपण घरात समाधान हा शब्द पोटभर जेवण झाल्यावर नाहीतर लेकीचं लग्न पार पडल्यावर वापरतो, नळाच्या बाबतीत कोण वापरतं? पोरगी पण तालुक्याकडचीच होती, तिने टॅब मांडीवर ठेवला आणि सरळ विचारलं "आजी, नळले पानी कव्हय येस?" (नळाला पाणी कधी येतं?) आणि मग आजींनी जे सुरू केलं ते दहा मिनिटं थांबल्या नाहीत. नळ येतो पण टोकाला असल्याने धार बारीक, पुढच्या घरांनी नळाला टिल्लू म्हणजे पाणी ओढायची छोटी मोटर लावली की यांच्याकडे सुस्कारा, हंडा भरायला अर्धा तास, सून माहेरी गेली की नातू भरतो, मागच्या महिन्यात रात्री अंगणात पाय घसरून सून पडली. सगळं खरं, सगळं कामाचं. पण टॅबमध्ये त्यातलं काय गेलं, "समाधानी". कारण आजींनी पहिल्यांदा तेच उत्तर दिलं होतं आणि पोरीला नियम असा की पहिलं उत्तर बदलायचं नाही.

आमच्याकडच्या माणसांची अजून एक सवय आहे, दारात आलेल्याला वाईट बोलायचं नाही. पोरगी उन्हातून आलीय, पाणी मागतेय, तिच्या तोंडावर आम्ही "अतिशय असमाधानी" म्हणायचं म्हणजे तिलाच काहीतरी बोलल्यासारखं वाटतं. मी स्वतः दोन-तीन ठिकाणी अशी नरम पडले. आणि सवयीचाही भाग आहेच. ज्याने आठ दिवसांनी पाणी बघितलंय त्याला चार दिवसांनी म्हणजे सुख वाटतं, आणि पुण्याहून बदली होऊन आलेल्या माणसाला तेच पाणी नरक वाटतं. दोघांचं पाणी एकच, वेळ एकच, उत्तरं दोन टोकांना. मग सरासरी काढून काय मोजलं, पाणी मोजलं की माणसांची सवय मोजली?

मुलीनेच मला बंगळुरूचं सांगितलं, तिच्या सरांनी वर्गात शिकवलं होतं. तिथे सॅम्युएल पॉल नावाचे गृहस्थ होते, त्यांनी १९९४ मध्ये लोकांना विचारून शहरातल्या सरकारी खात्यांचं प्रगतीपुस्तक काढलं, वीज, पाणी, टेलिफोन, महापालिका, दवाखाने, सगळ्यांचं. आणि त्यात नुसतं आवडलं का असं नव्हतं, ज्यांचा त्या खात्याशी खरंच संबंध आला होता त्यांना विचारलं की किती चकरा मारल्या, काम झालं का, लाच द्यावी लागली का. मग ते निकाल पेपरात खात्यांच्या नावासकट छापून आले. परत १९९९ मध्ये, परत २००३ मध्ये तोच सर्वे केला, म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या मार्कांची तुलना करता आली, आणि मार्क वाढत गेले. मला यातलं तीन वेळा हे फार आवडलं. एकदा विचारून गेले तर काय कळणार, ताप एकदाच बघून औषध लागू पडलं का ते कळतं का?

आमच्या सर्वेत दाखल्यांचा एक प्रश्न होता, जन्म-मृत्यू दाखला, मालमत्तेचा उतारा वगैरे सेवांबाबत समाधानी आहात का. मी गेल्या दहा वर्षांत एकही दाखला काढलेला नाही, दोन्ही मुलांचे दाखले कधीच काढून ठेवलेत, तरी मला उत्तर द्यावंच लागलं, "लागू नाही" असा पर्यायच नव्हता. हे तर चुकीचंच आहे. आपल्या राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे, कोणती सेवा किती दिवसांत द्यायची हे ठरवून दिलेलं असतं, उशीर झाला तर अपील करता येतं. मग विचारायचं तर असं विचारा, गेल्या वर्षात दाखला काढला का, काढला असेल तर किती दिवस लागले, ठरलेली मुदत ऑफिसात लिहिलेली दिसली का. ज्याने काढला नाही त्याला पुढच्या प्रश्नावर सोडा.

जे विचारलंच नाही ते पण सांगायला हवं. बाजारात बायकांसाठी मुतारी आहे का आणि ती वापरण्यासारखी आहे का, एकही प्रश्न नाही. मी आठवड्यातून दोनदा भाजीबाजारात जाते, घाऊक भाजी घ्यावी लागते, दोन-अडीच तास जातात, निघायच्या आधी पाणी पीत नाही आणि मे महिन्यात पाणी न पिता बाजारात फिरणं म्हणजे काय ते ज्या बायका फिरतात त्यांनाच माहीत. भाजी विकायला खेड्यावरून पहाटे येऊन बसणाऱ्या बायका तर दिवसभर तिथेच असतात. त्या या शहराच्या रहिवासी नाहीत म्हणून त्यांना सर्वेत कोणी विचारणारच नाही, पण शहराचा बाजार त्यांच्या जिवावर चालतो. दुसरं उन्हाचं. आपल्याकडे उन्हाळ्यात ४५ च्या वर पारा जातो, भुसावळ-जळगावचं तापमान दरवर्षी बातम्यांत असतं, आणि तरी सावलीबद्दल, बस थांब्यावर शेड आहे का, रस्त्याला झाडं उरलीत का, दुपारी प्यायचं पाणी कुठे मिळतं, याबद्दल शून्य प्रश्न. सायकल ट्रॅक वापरता का असा मात्र एक प्रश्न होता, तो बहुतेक दुसऱ्या कुठल्या मोठ्या शहराच्या फॉर्ममधून जसाच्या तसा आला असावा, आमच्याकडे सायकल ट्रॅक नाहीच. असे प्रश्न आले की माणसाचा सर्वेवरचा विश्वास उडतो, वाटतं हे आपल्यासाठी नाहीच. रस्ते आणि दिवाबत्तीचे प्रश्न ठीक होते, घंटागाडीचा तर चांगला होता, रोज येते का, एक दिवसाआड का, आठवड्यातून एकदा का, असे थेट पर्याय. तसंच पाण्याला केलं असतं तर मी चार स्टार दिले असते.

याच जागी तो दुसरा अनुभव पण लिहून ठेवते, तो या सर्वेचा नाही, त्याच्या आधीचा. किराणा दुकानाच्या बाहेर एक माणूस उभा होता, कुठल्या ऑफिसचा ते सांगितलं नाही, म्हणाला ताई जरा फोन द्या, शहराला चांगले मार्क मिळायचेत. माझ्या फोनवर ओटीपी आला, त्याने तो टाकला आणि सगळ्या प्रश्नांना स्वतःच सगळ्यात वरचं उत्तर दाबून फोन परत दिला. मी नुसती बघत राहिले, मागे दोन पिशव्या, पुढे रांग. असल्या सर्वेत नागरिकांच्या बाजूला मार्क भरपूर असतात, २०२२ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एकूण ७५०० मार्कांपैकी २२५० नागरिकांच्या आवाजाचे होते, म्हणून हा खटाटोप. पण तो आवाज माझा नव्हता. ज्या कोणाला असा अनुभव येईल त्याने फोन द्यायचा नाही, स्वतः भरतो म्हणायचं, आणि ओटीपी तर कोणालाच सांगायचा नाही, आजकाल त्याच्यावर बँकेतले पैसे जातात. त्याला एक पण स्टार नाही.

आता निकालाचं. मी पोरीला विचारलं की हे सगळं भरून झाल्यावर आम्हाला कळणार कसं. तिला माहीत नव्हतं. तिचं काम फॉर्म पाठवण्यापर्यंत, पैसे फॉर्ममागे मिळतात, म्हणजे ज्या दिवशी माझ्यासारखी बडबडी काकू भेटते त्या दिवशी तिचं नुकसान. हे पण बदलायला हवं, दिवसाची मजुरी द्या, म्हणजे ती पळापळ करणार नाही आणि खोटे फॉर्म भरायचा मोह कोणालाच होणार नाही. तिने सांगितलं प्रत्येक प्रभागात साधारण २५ घरं घेतायत. मुलगी म्हणाली आई, पूर्ण शहराला ४०० माणसं नीट चिठ्ठी टाकल्यासारखी निवडली तरी चालतात, शंभरात ६० जण असमाधानी निघाले तर खरा आकडा ५५ ते ६५ च्या मध्येच असेल असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. पण एका प्रभागाची २५ च घरं घेतली तर चूक इकडे २० तिकडे २० होऊ शकते, म्हणजे ६० चे ४० पण असू शकतात नि ८० पण. त्यामुळे उद्या कोणी म्हणालं अमुक प्रभाग समाधानात पहिला आणि तमुक शेवटचा, तर त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. आणि आमच्याकडे तर एकाच प्रभागात टाकीजवळचं माझं घर आणि टोकाचं आजींचं घर, दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक, सरासरीत दोघी गायब.

मोठ्या पातळीवर बघितलं तर केंद्राने २०२० मध्ये राहण्यासारखी शहरं कोणती याची यादी काढली होती, निकाल मार्च २०२१ ला आला, मोठ्या शहरांत बंगळुरू पहिलं, पुणे दुसरं, दहा लाखांच्या आतल्यांत शिमला पहिलं. त्यात ३० टक्के मार्क लोकांच्या मताचे होते आणि ३२ लाखांच्या वर लोकांनी मत दिलं. पण शहरं १११ च, स्मार्ट सिटीवाली आणि दहा लाखांवरची. आपल्या खानदेशातलं त्यात एक पण नव्हतं, शेजारचं नाशिक मात्र होतं. २०११ च्या जनगणनेत जळगाव ४ लाख ६० हजार, धुळे पावणेचार लाख, भुसावळ १ लाख ८७ हजार, नंदुरबार १ लाख ११ हजार. एवढी माणसं, आणि त्यांना कसं वाटतं हे त्या यादीत कुठेच नाही. म्हणून मी या लोकल सर्वेला हाकलून देऊ नका असंच सांगेन. तो चांगला व्हायला पाहिजे, बंद नाही व्हायला पाहिजे.

तीन स्टार कशाचे तर एक वाढदिवसाच्या नियमाला, एक त्या पोरीला, जिने उन्हात फिरून नियम मोडला नाही आणि आजींशी त्यांच्या भाषेत बोलली, आणि एक घरोघर येऊन विचारण्याला. दोन कापले ते प्रश्नांचे आणि निकाल न सांगण्याचे. तुमच्याकडे असं कोणी आलं तर पाणी द्या, सावलीत बसवा, ओळखपत्र बघा, आणि घरात जे पाणी भरतं त्याला निदान शेजारी बसवा. घरपट्टी वाढेल म्हणून घाबरू नका, आमच्याकडे बऱ्याच जणांनी त्या भीतीने दारच उघडलं नाही, पण यात घराचं माप घेत नाहीत. आणि पर्यायात जागा नसली तरी तोंडाने सांगाच, आमच्या पोरीच्या टॅबमध्ये शेवटी "इतर सूचना" असा एक रकाना होता, तो मला अगदी निघताना कळला. त्यात मी लिहायला लावलं, "पाणी कोणत्या दिवशी किती वाजता सोडणार ते आदल्या दिवशी कळवा." आजींच्या घरी मात्र तो रकाना रिकामाच राहिला.

अपडेट : तीन आठवड्यांनी मला एका सुपरवायझरचा फोन आला, सर्वेवाली पोरगी घरी खरंच आली होती का, किती वेळ बसली, उत्तरं कोणी दिली, असे तीन-चार प्रश्न विचारले. ही तपासणी करतात हे चांगलं आहे, आवडलं. मी म्हटलं ५० मिनिटं बसली, उत्तरं मीच दिली, पोरगी फार चांगली आहे तिचं नाव लिहून घ्या. मग मी विचारलं निकाल कधी, तर म्हणाले मॅडम, रिपोर्ट वर जातो, आमच्याकडे परत येत नाही. मी म्हटलं मग आमच्या प्रभागाचं जे काय निघेल ते एका कागदावर छापून रेशन दुकानाच्या भिंतीला लावा, तिथे सगळे येतात. म्हणाले सांगतो. रेशनला मी परवाच जाऊन आले, भिंतीवर अजून काही लावलेलं नाही. लागलं की इथे येऊन लिहिते, आणि तेव्हा एक स्टार वाढवते.